मोटारीतली रिकामी जागा

या पावसाळ्यात भाईजी गेले. भाईजी म्हणजे माझे थोरले भाऊ. बैठकीला माणसे येत राहिली; जुन्नरच्या पेठेतली, नारायणगावची, आळेफाट्याच्याही पलीकडची. सतरंजीवर बसत, भाईजींची एखादी आठवण सांगत. ती सांगून झाली की उठण्याआधी बहुतेक जण एकच गोष्ट विचारत.

"एवढा साधा माणूस. एका कोटावर आयुष्य काढलं. मोटार कशी काय घेतली हो त्यांनी?"

"धंद्याला घेतली होती," असे मी सांगत असे. ते खरे होते. ते खरे व्हावे म्हणून भाईजींनी केवढी खटपट केली होती, हे मात्र बैठकीत सांगण्यासारखे नव्हते.

आमच्या भागात त्या काळी वाहनावरून माणूस ओळखता यायचा. आमच्या पेठेतले वकील घरासमोरच्या कचेरीत टांग्याने जात. टांगा वळवून उभा करीपर्यंत चालणाऱ्या माणसाचे पोचून पान खाऊन होई. पाठ दुखते, असे ते सांगत. पण टांगा दाराशी उभा दिसला की पक्षकार जरा वाकून बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. डॉक्टर सायकल वापरत. घोडा असता तर रोग्याच्या घरी तो बांधायचा, त्याला वैरण घालायची, म्हणजे चहाला थांबणे आलेच. सायकल भिंतीला टेकवली की पाच मिनिटांत निघता येई. बोरी बुद्रुकच्या पाटलांचा छकडा होता आणि त्याला दोन पांढरी खिलारी खोंडे. रस्त्यात कोणी पुढे गेलेले पाटलांना चालत नसे. त्यामुळे ते कुठेही वेळेच्या फार आधी पोचत आणि झाडाखाली बसून राहत. पश्चिमेच्या डोंगरातली माणसे हिरडा आणि तांदूळ घेऊन आमच्या दुकानी येत ती डोक्यावर ओझे घेऊन, पायीच. त्यांच्या वाटांना चाक ठाऊक नव्हते. कारण विचारले तर जो तो काहीतरी बरे दिसेल असे सांगे, आणि खरे कारण घरात राही.

आमचे वडील, बापूजी, कशातच बसत नसत.

पूर्वी बसत. आमचे घराणे मारवाडातून येऊन इथे पेठेत स्थिरावले त्याला तेव्हा दोन पिढ्या झाल्या होत्या, आणि बापूजी तरुणपणी हिरड्याच्या गाड्यांबरोबर तळेगावच्या स्टेशनापर्यंत जात. एकदा चढावर गाडी अडली. गाडीवानाने काठीच्या टोकाची आर बैलाला टोचली, पुन्हा टोचली. बैलाच्या पुठ्ठ्यावरून रक्त ओघळले आणि बसलेल्या बापूजींच्या धोतरावर त्याचे थेंब उडाले. त्या चातुर्मासात जुन्नरच्या स्थानकात, म्हणजे आम्हा जैनांचे साधू उतरतात त्या धर्मस्थानात, एक महाराज होते. बापूजींनी त्यांच्यासमोर हात जोडून नियम घेतला: जिवाने ओढलेल्या वाहनात बसणार नाही.

"आणि तुमचा माल?" असे पेठेतल्या कोणीतरी विचारले होते. "तो तर बैलच ओढतात."

"मालाला पाय नाहीत," बापूजी म्हणाले. "मला आहेत."

त्यानंतर ते सगळीकडे पायी गेले. बाजाराला, लग्नांना, सुतकाला. दर भाऊबीजेला ते लोणीला जात. तिथे त्यांची मोठी बहीण, आमची भुवा, दिलेली होती. जुन्नरहून लोणी म्हणजे मंचरला मुक्काम करून दोन दिवसांची वाट. भुवा ओसरीच्या पायरीवर तांब्या घेऊन बसलेली असे. भावाचे पाय ती स्वतः धुई आणि धुता धुता, कुठे काटा लागला आहे, कुठे टाच फुटली आहे, त्यावरून रस्ता कसा होता ते त्याला सांगे. दोघांचे हे बालपणापासूनचे असावे. आईवेगळ्या त्या भावाला तिनेच वाढवले होते.

मग बापूजींचे गुडघे गेले. एक भाऊबीज चुकली, दुसरीही चुकली. भुवाची नजर गेलेली होती, ती येऊ शकत नव्हती. त्या उन्हाळ्यात लोणीचा एक कांदेवाला आमच्या दुकानी आला आणि सांगू लागला:

"म्हातारीनं अंथरूण धरलंय, शेटजी. खाणं न्हाई म्हना. पर दिस मावळला की इचारती, आला का गं माजा भाऊ? लेकी म्हनत्यात, येतोय, वाटंत हाय."

बापूजींनी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते काठी घेऊन निघाले आणि गावाबाहेरच्या ओढ्यापाशी बसले. मी आणि भाईजी जाऊन त्यांना घेऊन आलो. भाईजींनी डोलीची गोष्ट काढली. चार भोई केले तर सहज नेतील, ते म्हणाले.

"बैल जीव आहे आणि भोई नाही का?" बापूजी म्हणाले, आणि ती गोष्ट तिथेच संपली.

भाईजींच्या डोक्यात मोटार आली ती त्यानंतर. मोटारीला जीव ओढत नाही. नियमाचे शब्द त्यांनी मनात उलटसुलट करून पाहिले आणि मोटार त्यात कुठे अडकत नाही अशी खात्री करून घेतली. पण अडचण नियमाची नव्हती, बापूजींची होती. आमच्या साधूंचा एक रिवाज आहे. गोचरीला, म्हणजे भिक्षेला, दारी आले की ते आधी विचारतात, हे अन्न कोणासाठी केले? घरच्यांसाठी केलेल्यातून थोडे द्याल तर घेतील. महाराज येणार म्हणून मुद्दाम केलेली पोळी ते घेत नाहीत. आपल्यापायी चूल पेटली, आपल्यापायी हिंसा झाली, असा तो विचार. बापूजी साधू नव्हते, पण उतारवयात हा रिवाज त्यांनी आपल्याला लावून घेतला होता. त्यांच्यासाठी वेगळी भाजी केली तर त्या दिवशी ते भाजीच घेत नसत.

एका दुपारी दुकानाच्या माडीवर मी वाचत होतो, तिथे भाईजी येऊन बसले.

"तू कुणाशी बोलत नाहीस म्हणून तुला सांगतो," ते म्हणाले. "मोटार घेतोय. पण बापूजींसाठी घेतली असं कळलं तर ते तिला शिवणार नाहीत."

"मग सांगा, धंद्यासाठी घेतली."

"खोटं सांगितलं तर माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखतील. मला लपवता येत नाही, तुला माहीत आहे." थोडा वेळ ते आढ्याकडे बघत राहिले. "लोणीत आपला धंदा नाही. म्हणजे काढायला पाहिजे."

आणि त्यांनी तो काढला. हिरडा आणि तांदूळ सोडून दुसरे काही न केलेला हा माणूस लोणीच्या बाजरीत उतरला. पुण्यातल्या एका पारशी गृहस्थाची वापरलेली मोटार आली: कापडी टपाची, पितळी भोंग्याची, पुढे कार्बाइडचे दोन मोठे दिवे असलेली. आळेफाट्याकडचा एक ड्रायव्हर ठेवला. तो काही वर्षे मुंबईला मोटारी धूत होता आणि त्यामुळे आमच्याहून सगळ्या बाबतींत शहाणा होता.

पेठेत महिनाभर दुसरा विषय नव्हता. वकिलांना वाटले, त्यांच्या टांग्यावर मात करायला घेतली. वहिनींना वाटले, त्यांच्या माहेरच्यांना दाखवायला. स्थानकात सामायिकाचे ध्यान झाल्यावर एका वृद्ध कापडवाल्यांनी शंका काढली.

"आत अग्नी असतो म्हणे तिच्या. अग्नीतले अग्निकाय जीव मरतात त्यात."

"तुमच्या घरी भाकरी उन्हात भाजतात वाटतं?" शेजारचे म्हणाले.

"भाकरीचं वेगळं. भाकरी लागते."

"त्याला मोटार लागत असेल."

बापूजी भिंतीला टेकून ऐकत होते.

भाईजी त्या पावसाळ्यात दर आठवड्याला लोणीला जाऊन आले. चिखलात मोटार रुतली, बैल लावून काढली, पण ते गेले. बाजरीत पहिल्या खेपेला चांगलेच हात पोळले. येताना भुवाकडे डोकावून येत आणि बापूजींना सांगत, "आहे तशीच आहे. विचारत होती." गुडघे गेल्यापासून बापूजींनी चातुर्मासात गाव न सोडण्याचा नियमही घेतला होता, त्यामुळे तेव्हा विचारण्यात अर्थ नव्हता. कार्तिकी पौर्णिमा उलटली आणि संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो, उजेड असतानाच, नेहमीसारखे.

"उद्या लोणीला जातोय," भाईजी ताटाकडे बघत म्हणाले. "बाजरी निघालीय. मोटारीत जागा रिकामीच जाणार आहे."

बापूजींनी जेवण संपवले, ताटात पाणी घालून ते धुतले आणि अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ते पाणी प्याले. मग म्हणाले, "मी नाही आलो तरी जाणार?"

"जाणार."

"मागल्या आठवड्यात गेला होतास."

"गेलो होतो. त्याच्या आधीच्याही."

बापूजी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. भाईजींनी नजर वळवली नाही. वळवायचे कारणच नव्हते, त्यांनी एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

"किती वाजता निघता?" बापूजींनी विचारले.

आम्ही तिघे सकाळी निघालो. बापूजी मागच्या बाकावर मांडी घालून बसले, काठी मांडीवर आडवी. पहिला काही वेळ त्यांनी टपाची दांडी घट्ट धरली होती. नारायणगाव आले तोवर सोडली. कळंबच्या अलीकडे पहिले चाक बसले. ड्रायव्हर ट्यूब काढून रस्त्यात पसरून बसला आणि आम्ही बाभळीच्या सावलीला. तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. बोरीचे पाटील मंचरच्या बाजाराला निघाले होते. त्यांनी खोंडे आवरली, आणि हे ते सहसा करत नसत.

"रामराम, शेटजी. बसली का मोटार?"

"बसली, पाटील," भाईजी म्हणाले.

"आमची बैलं बसली तर शेपूट पिरगाळलं की उठत्यात. हिचं काय पिरगाळायचं म्हनायचं?"

"पाटील, तुमी व्हा म्होरं," ड्रायव्हर खालूनच म्हणाला. "मंचरला गाठतो तुमाला."

"गाठा की राव. च्या सांगून ठिवतो. आज न्हाई आला तर उद्याच्याला तापवून घिऊ." मग बापूजींकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "बाबाजी, तुमी बसला हे लई बरं केलं. चला, येतो."

मंचरला आम्ही पोचलो तेव्हा पाटलांचा बाजार आटोपला होता. तिथून पूर्वेचा रस्ता कच्चा. अवसरीच्या पुढे दुसरे चाक बसले. ड्रायव्हरजवळचे रबराचे ठिगळ संपले होते. तो मागच्या गावात जाऊन कुठून तरी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घेऊन आला. उन्हे कलली. भाईजी रस्त्यावर इकडून तिकडे फिरत होते. आदल्या खेपेला भुवाच्या लेकीने त्यांना बाजूला घेऊन सांगितले होते, आता पाणीसुद्धा चमच्याने देतो. ते त्यांनी बापूजींना सांगितले नव्हते, मला सांगितले होते.

मोटार पुन्हा चालू झाली तेव्हा सूर्य टेकला होता. बापूजींनी तांब्यातले पाणी घेतले आणि हात जोडून चौविहार केला. आता सूर्योदयापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. थोडे पुढे गेल्यावर रस्ता दिसेनासा झाला. ड्रायव्हरने मोटार थांबवली, खाली उतरून काडी ओढली आणि दोन्ही दिवे लावले. पांढराफेक उजेड पुढच्या बाभळींवर पडला. असा उजेड आम्ही कुणी पाहिला नव्हता.

दिवाळीच्या सुमारास बाजरीच्या आणि ज्वारीच्या रानांतून ते बारीक हिरवे किडे निघतात. घरात एक समई लावली तरी खाली त्यांचा सडा पडतो, म्हणून आमच्याकडे त्या दिवसांत समई लावतच नाहीत. त्या उजेडावर ते सगळ्या शिवारातून आले. आधी दहापाच, मग धूर यावा तसे. काचेवर आपटून पडत होते, तापलेल्या पितळेवर चिकटत होते. मोटार चालू लागली तसे ते आमच्या तोंडावर येऊ लागले.

"थांबव," बापूजी म्हणाले.

ते काठी टेकत उतरले आणि दिव्यासमोर जाऊन उभे राहिले. काचेच्या तळाशी मेलेल्या किड्यांची ओली रेघ साचली होती. त्यांनी उपरण्याने काच झाकायचा प्रयत्न केला, उपरणे तापले तसे काढून घेतले.

"विझव दिवे."

"शेटजी, दिव्याबिगर न्हाई चालवता येत. म्होरं वढ्याची खोल नाळ हाय. गाडी आत गेली तर समदेच जाऊ." ड्रायव्हर भाईजींकडे बघू लागला.

भाईजी जागचे हलले नाहीत. नियमाचा शब्द न् शब्द त्यांनी तपासला होता. आतल्या अग्नीचे उत्तर शोधून ठेवले होते. खोटे बोलावे लागू नये म्हणून एक आख्खा धंदा उभा केला होता. पण दिव्यांचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. येणार कसा? इतक्या महिन्यांत ते दर खेपेला उन्हे असतानाच घरी पोचले होते, कारण सूर्य मावळायच्या आत जेवायचे असते. त्या मोटारीचे दिवे आमच्या घरी आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच लागले होते.

"लोणी किती राहिली?" बापूजींनी विचारले.

"कोसभर," ड्रायव्हर म्हणाला.

"मग मी चालतो."

"बापूजी, गुडघे..." भाईजी म्हणाले.

"कोसभराचे आहेत अजून."

ड्रायव्हरने दिवे विझवले. आम्ही निघालो तेव्हा तो मागून म्हणाला, "सकाळी उजाडलं की आनतो. बाबाजी, दमानं जावा. म्हातारी कुटं पळून न्हाई जात." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तो चाक तपासायला वाकला.

डोळे सरावल्यावर रस्ता दिसू लागला, आणि थोड्या वेळाने चांदणेही आले. बापूजींचा एक हात भाईजींच्या खांद्यावर होता, दुसऱ्यात काठी. मी पुढे चालून खड्डे सांगत होतो. शंभरेक पावलांनी ते थांबत, बांधावर टेकत, उठत. एकदा बसले ते लवकर उठेनात. गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. लोणीतली कुत्री ऐकू येत होती, पण दिवा एकही दिसत नव्हता.

"चुकलं माझं," भाईजी म्हणाले.

"काय चुकलं?"

"दिव्याचं."

"एवढ्या लांब आणलंस," बापूजी म्हणाले. "राहिलं ते माझं आहे." आणि त्यांनी उठायला हात पुढे केला.

भुवा ओसरीवरच होती. बाजेवर एवढेसे काहीतरी पांघरलेले दिसत होते. तिची लेक कंदील घेऊन आली आणि आम्हाला बघून मागे सरली, पदराने तोंड झाकून. बापूजी बाजेच्या कडेला बसले.

"बाई," ते म्हणाले. "मी आलोय."

भुवाने डोके वळवले नाही. तिचा हात पांघरुणाबाहेर आला, चाचपडत बापूजींच्या मांडीवरून खाली गेला. बापूजींनी पाय उचलून बाजेवर घेतला. तिने पाऊल धरले, बोटांमधली धूळ बोटांनी पुसली, टाचेवरून अंगठा फिरवला.

"पायी आलास?" आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

"थोडा बसून, थोडा पायी."

"कशात बसून?"

"पोराच्या मोटारीत."

भुवा जरा वेळ टाच चाचपत राहिली. "तुझ्यासाठी मोटार घेतली पोराने?"

भाईजी खांबाला धरून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. महिनोन् महिने जे कुणाच्या तोंडून निघू नये म्हणून त्यांनी जपले होते, ते या आंधळ्या बाईने तीन प्रश्नांत बाहेर काढले होते.

"त्याचं इकडं बाजरीचं काम असतं," बापूजी म्हणाले.

"हं," भुवा म्हणाली. "आण गं पाणी. पाय बघ कसे झालेत याचे."

लेकीने तांब्या आणला. भुवाला उठवत नव्हते, म्हणून लेकीने पाणी ओतले आणि भुवाने पडल्या पडल्या हात फिरवला. मग ती पाय धरूनच झोपली. बापूजी तसेच बसून राहिले.

सकाळी तिने दोन चमचे दूध घेतले. लेक म्हणाली, आठवड्यात पहिल्यांदाच मागून घेतले. ड्रायव्हर मोटार घेऊन आला तेव्हा गावातली माणसे तिच्याभोवती जमली. उन्हे असताना जुन्नर गाठायचे तर लवकर निघायला हवे होते. भाईजी तसे सांगायला ओसरीवर आले आणि खांबाशीच थांबले. बापूजी भुवाचा हात हातात घेऊन बसले होते.

"पुढल्या आठवड्यात तुझं इकडं काम आहे का?" त्यांनी विचारले. मान वर न करता विचारले.

"आहे," भाईजी म्हणाले.

"जागा रिकामी असेल?"

"असेल."

बापूजींनी मान हलवली. भाईजी पायऱ्या उतरले, ड्रायव्हरला थोडे थांबायला सांगितले आणि माझ्याजवळ आले. लोणीची बाजरी तोवर सगळी विकली गेली होती. उरलेली शेवटची पोती आदल्या खेपेला त्यांनीच ठरवून ठेवली होती, ती ताब्यात घेण्यापुरतेच या खेपेचे काम होते. त्यांनी कोटाची बटणे लावली आणि पुढल्या आठवड्यात विकत घेण्यासारखे गावात काय उरले आहे ते शोधायला ते वेशीकडे चालू लागले.